अ‍ॅडिसन्स आहे, गोळ्या चालू आहेत, पण मनाचं काय करायचं?

तोराची_फोड

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचते, लिहायचं धाडस आज करतेय. मी 34 वर्षांची, फोंड्याच्या बाजूची, शाळेत शिकवते. सव्वा वर्षापूर्वी अ‍ॅडिसन्स निघाला. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल, त्या माझ्या बंद पडल्यात. माझ्याच शरीराने त्यांना परकं समजून मारलं असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे कॉर्टिसोल बनत नाही आणि अंगात मीठ धरून ठेवणारं दुसरं हार्मोन पण बनत नाही. दोन्ही गोळ्यांतून घ्यायचं, जन्मभर.

निदान कसं झालं ते जरा सविस्तर सांगते कारण निम्मं दुखणं तिथेच अडकलंय. आधीचं वर्षभर मी नुसती थकलेली असायचे, सात किलो वजन गेलं, तळहाताच्या रेषा तपकिरी, बोटांचे सांधे काळे, हिरड्यांवर डाग. लग्नाकार्याला गेलं की "किदें गो, इतली काळी कशी जाली?" हे ठरलेलं. सासूबाईंनी बेसन-हळद लावायला दिली. आणि मिठाची इतकी ओढ की काय सांगू, घरात चेपणीच्या तोरांची, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्यांची, मोठी बरणी होती, मी रात्री उठून अंधारात त्यातले तोर खायचे, आणि खाऊन झाल्यावर बरणीतलं खारं पाणी वाटीत काढून प्यायचे. सकाळी ओकारी. आता बघा, तोर खातेय, ओकतेय, दमतेय, तर घरच्यांना काय वाटणार? लग्नाला पाच वर्षं झाली होती, तीन वर्षं आम्ही वाट बघत होतो. सासूबाईंनी शेजारी दोन घरांत सांगूनसुद्धा टाकलं. मी तीन वेळा टेस्ट केली, तिन्ही वेळा एकच रेघ. तिसऱ्या वेळी बाथरूममधून बाहेर यायला मला अर्धा तास लागला, आणि बाहेर सगळे जण टीव्हीचा आवाज बारीक करून बसले होते.

एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी सांगितली, दुसऱ्यांनी "टेन्शन घेता तुम्ही" म्हणून टेन्शनच्या गोळ्या दिल्या. मग चवथीच्या आदल्या दिवशी, तयेला, निर्जळी उपवास धरलेला आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायला नारळ-सुपाऱ्या हातात देत होते तिथेच खाली बसले ते उठलेच नाही. 108 आली. बीपी 70, सोडियम 116 (135 च्या वर पाहिजे). तिकडच्या एका तरुण डॉक्टरने माझा हात उलटा करून तळवा बघितला आणि विचारलं, तुम्हाला मीठ खावंसं वाटतं का? मला रडूच आलं, वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आता गोळ्या चालू आहेत, कॉर्टिसोलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून तीनदा 10-5-5 मिलिग्रॅम, आणि मीठ धरणाऱ्या हार्मोनच्या जागी सकाळी फ्लुड्रोकॉर्टिसोन. वजन आलं, रंग बराच उतरला. सगळे म्हणतात बरी झालीस, आणि मला म्हणजे त्याचाच राग येतो. रोज दुपारी चारच्या आसपास काहीतरी होतं, वह्या तपासत असते आणि अचानक सगळं निरर्थक वाटायला लागतं, परवा नारळ खवताना खवणीवर बसून रडले, कारण काही नाही. तासाभराने आपोआप जातं. मला कळतच नाही की ही मी आहे की गोळी उतरतेय. आधी मला राग आला तर तो माझा राग होता. आता राग आला की नवरा विचारतो, गोळी घेतलीस ना? त्याचं चुकत नाही, पण मला ते ऐकून आणखी राग येतो.

आणि भीती. वर्गात एखादं पोर ओकलं तरी माझ्या पोटात गोळा येतो, कारण मला ओकारी लागली तर गोळी पोटात राहणार नाही. नवरा नाईट शिफ्टला असला की मी झोपतच नाही.

तुम्ही कसं करता हे? गोळ्यांचं नको, मनाचं सांगा.

डिचोलीचा_काका

बाय, तुझं वाचून चहा गार झाला. मी 58, अ‍ॅडिसन्सला 11 वर्षं झाली. माझं कारण वेगळं, टीबी. छातीचा नाही, सरळ त्या ग्रंथींनाच खाल्लं त्याने, स्कॅनमध्ये दोन्ही सुजलेल्या दिसल्या. आपल्या देशात हे कारण अजून बऱ्यापैकी सापडतं. गंमत म्हणजे टीबीच्या गोळ्यांतली रिफाम्पिसिन ही हायड्रोकॉर्टिसोन लवकर संपवते, म्हणून तेव्हा माझा डोस वाढवून दिला होता. तो वाढवेपर्यंतचे दोन आठवडे मी बायकोशी जे भांडलो ते अजून ती ऐकवते.

तुझ्या चारच्या गोष्टीबद्दल. हायड्रोकॉर्टिसोन अंगात फार वेळ टिकत नाही, चार-सहा तासांत उतरतं. निरोगी माणसाचं कॉर्टिसोल पहाटेच वर चढायला लागतं आणि जाग येण्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, मग दिवसभर हळूहळू उतरत जातं. आपण ते तीन गोळ्यांत बसवायला बघतो, तर मध्ये खड्डे पडणारच. तू सकाळची किती वाजता घेतेस? शाळावाली आहेस म्हणजे पहाटे उठत असणार. माझं मनाचं निम्मं दुखणं हे वेळेचं दुखणं निघालं. निम्मं म्हणतोय, सगळं नाही.

एक साधी वही घाल. किती वाजता उठले, गोळी किती वाजता, जेवण, आणि मन कधी पडलं. बस, दोन आठवडे. स्वतःच्या मनाने डोस हलवू नको, वही डॉक्टरसमोर ठेव. मी नुसतं "दुपारी कसंतरी होतं" असं सांगायचो तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, वही दाखवल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

भीतीचं खरं सांगू का, ती जात नाही. पण जुनी होते. पहिल्या वर्षी माझ्या खिशात गोळ्या, बायकोच्या पर्समध्ये गोळ्या, स्कूटरच्या डिकीत गोळ्या, दुकानाच्या गल्ल्यात गोळ्या. आता खिशात आणि गल्ल्यात, एवढंच. डिकीतल्या उन्हाने खराब होतात हे पण तेव्हाच कळलं.

निसर्गोपचार_प्रेमी

ताई, स्टेरॉईड हे विष आहे. मूड बिघडतो तो त्यामुळेच. हळूहळू बंद करा, अश्वगंधा आणि ज्येष्ठमधाचा काढा सुरू करा, रोज सूर्यनमस्कार. माझ्या भावजयीचा थायरॉईड असाच गेला. विश्वास ठेवा, शरीर स्वतः बरं होतं.

डिचोलीचा_काका

अहो दादा, चांगल्या मनाने लिहिलं असेल पण हे वाचून एखाद्याने गोळी बंद केली तर तो मरेल. अलंकारिक नाही, खरोखर मरेल. 1855 मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन नावाच्या डॉक्टरने हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, आणि 1940 च्या दशकाच्या शेवटी कॉर्टिसोन हातात येईपर्यंत याचे रुग्ण फार जगत नसत. तेव्हा पण काढे होतेच की. ही जिमवाल्यांची स्टेरॉईड नव्हेत, अंगाने बनवायला हवी ती वस्तू आपण बाहेरून भरतोय. विहीर आटली म्हणून टँकर आणतो, त्याला विष म्हणतो का?

आणि ज्येष्ठमध तर मुळीच विचारल्याशिवाय नको, ते कॉर्टिसोलचं अंगातलं गणित बदलतं, बीपी चढतं. सूर्यनमस्कार घाला, त्याला माझी ना नाही.

उपाशीपोटी_गोळी

तोराची_फोड, मला अ‍ॅडिसन्स नाही, हाशिमोटो आहे, म्हणजे थायरॉईड पण तोच प्रकार, स्वतःच्याच शरीराने केलेला. मी म्हापशाची, 41. मध्ये बोलू की नको असा विचार करत होते कारण तुमच्या मानाने माझं काहीच नाही, गोळी चुकली तर मी मरत नाही. पण "ही मी आहे की हार्मोन आहे" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

माझा टीएसएच (थायरॉईड कमी पडला की चढतो तो आकडा) पहिल्यांदा बघितला तेव्हा 60 च्या वर होता. त्याआधी दोन वर्षं मी घरात "आळशी" होते. नवऱ्याने नाही हो, माझ्या आईने म्हटलेलं. भांडी तशीच सिंकमध्ये ठेवून मी झोपायचे, केस गळायचे, कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांनी मी एका रविवारी उठून माळा साफ केला. आई म्हणाली, बघ मनावर घेतलं की होतं. त्या दिवशी मी आईशी जे बोलले ते मला आजही गोळीवर ढकलता येत नाही, ते माझंच होतं 🙂

मला वाटतं आपण सगळ्या एका सापळ्यात अडकतो, की आधी हे ठरलं पाहिजे की दुःख खरं की केमिकल. मी पण वर्षभर हेच ठरवत बसले. माझ्या समुपदेशक बाई (हो, मी जाते, दर पंधरा दिवसांनी) एकदा म्हणाल्या, दाढ दुखते तेव्हा तुम्ही विचारता का की हे दुखणं खरं की नसेचं? कारण शोधायचं ते औषध बदलायला, रडायची परवानगी द्यायला नाही. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं नव्हतं, घरी येताना बसमध्ये पटलं, तेही गर्दीत उभं राहून.

आणि ती तीन वेळची एक रेघ. तुम्ही ती ओझरती सांगून पुढे गेलात, पण मला वाटतं चार वाजताच्या रडण्यात तीही आहे. आजार समजला म्हणून सगळे खूश झाले आणि ते मूल, जे नव्हतंच, त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही ना? चुकत असेन तर माफ करा.

वास्कोचा_नवरा

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. "गोळी घेतलीस ना" विचारणारा. त्यामुळे त्याच्या बाजूने दोन शब्द.

वहिनी, आम्ही घाबरलेले असतो. माझी बायको दोन वर्षांपूर्वी पावसात तापाने पडली, ताप आला तर गोळ्या दुप्पट-तिप्पट करायच्या हे आम्हाला सांगितलं होतं पण आम्ही कागद कपाटात ठेवलेला. ती बेशुद्ध होताना मला बघत होती आणि मला काय करायचं ते माहीत नव्हतं. ते डोळे मी विसरत नाही. म्हणून तेव्हापासून ती जोरात बोलली तरी मला वाटतं सुरू झालं.

मला ज्याने बरं वाटलं ते सांगतो. 100 मिलिग्रॅमचं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घरी ठेवतो आम्ही, डॉक्टरांनी लिहून दिलं, ओकारी थांबत नसेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं आणि लगेच हॉस्पिटल. नर्सबाईंनी मला मोसंबीवर शिकवलं. बाटलीत पावडर असते, त्यात पाणी सोडायचं, हलवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं, हवा काढायची. पहिल्यांदा माझे हात एवढे थरथरले की मोसंबी हातातून निसटून फ्रिजखाली गेली. बायको हसून हसून लोळली, तापानंतर पहिल्यांदा तिला तशी हसताना बघितली. आठ-दहा मोसंब्या टोचल्यावर हात बसला. त्यानंतर माझं गोळी-गोळी विचारणं आपोआप कमी झालं, कारण मला आता काहीतरी येतं. तुमच्या नवऱ्याला शिकवा. विचारू नकोस म्हणून सांगून तो थांबणार नाही, त्याच्या हाताला काम द्या.

आणि आमच्याकडे एक ठरलेलं आहे, भांडण चालू असताना गोळीचा ग काढायचा नाही. भांडण संपल्यावर विचारायचं. कधी कधी ती स्वतःच येऊन सांगते, "ते मघाशी अर्धं गोळीचं होतं, अर्धं तुझं".

रात्रपाळी

स्टाफ नर्स आहे, बाकीच्यांनी छान लिहिलंय, मी थोडक्यात. गोळी पोटात टिकत नसेल, सारखी ओकारी किंवा जुलाब, तर वाट बघू नका, घरी इंजेक्शन असेल तर ते द्या आणि हॉस्पिटल गाठा, नसेल तर सरळ हॉस्पिटल. पर्समध्ये एक कार्ड ठेवा, आजाराचं नाव, गोळ्या, आणि "आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या" असं ठळक. कॅज्युअल्टीत रात्री दोनला आलेल्या माणसाकडून माहिती काढण्यात जो वेळ जातो तो वाचतो. शाळेत एका तरी सहकाऱ्याला सांगून ठेवा. आणि उपवास, विशेषतः निर्जळी, आता नाही म्हणजे नाही.

मनाचं म्हणाल तर, गोळ्यांची वेळ सुधारूनही चारचं रडणं राहिलं, झोप उडाली, जगण्यात रस वाटेना, तर ते वेगळं दाखवा. हार्मोनचा आजार आहे म्हणून डिप्रेशन होणार नाही असं काही नसतं, दोन्ही एकत्र असू शकतं. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. लोक अजून दबक्या आवाजात बोलतात त्या इमारतीबद्दल, पण ओपीडीच्या रांगेत शिक्षक, बँकवाले, माझ्या ओळखीचे सगळे दिसतात. जायचं नसेल तर टेलिमानस ही सरकारची फोनवरची मदत आहे, 14416, फुकट, मराठीतून बोलता येतं.

उपाशीपोटी_गोळी

शाळेत सांगण्यावरून आठवलं, अमेरिकेच्या केनेडीला हाच आजार होता, 1947 ला लंडनमध्ये कळलं, आणि 1960 च्या निवडणुकीत त्यांच्या माणसांनी तो लपवला. तेव्हा लपवावंसं वाटतं ते काही फक्त आपल्याला नाही. पण त्यांच्याकडे डॉक्टरांची फौज होती हो, आपल्याकडे बाजूच्या वर्गावरच्या बाई.

तोराची_फोड

उशीर झाला लिहायला, सगळ्यांची उत्तरं चार-चार वेळा वाचली.

काका, वही घातली. आणि लाज वाटते सांगायला, मी उठते 5 ला आणि गोळी घेत होते 8 ला, शाळेत नाश्त्याबरोबर, कारण कुणीतरी सांगितलेलं की रिकाम्या पोटी स्टेरॉईड नको. म्हणजे घरचा डबा, नवऱ्याचा चहा, कपडे, बस, पहिला तास, सगळं मी रिकाम्या टाकीवर करत होते. डॉक्टरांनी वही बघून सगळ्या वेळा पुढे-मागे केल्या, पहिली उशाशी ठेवायची आणि डोळे उघडल्याबरोबर एक बिस्किट खाऊन घ्यायची, मधली शाळेतच, आणि शेवटची जी मी साडेपाचला घ्यायचे ती आता साडेतीनला. एकूण डोस तेवढाच. दहा दिवस झाले. चारचा खड्डा आहे अजून, पण आधी विहीर होती, आता रस्त्यावरचा आहे. पावसाळ्यातला, पण रस्त्यावरचा.

उपाशीपोटी ताई, तुम्ही चुकला नाहीत. तुमचं वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला होता दोन दिवस. मग एका रात्री नवऱ्याला म्हटलं की मला त्या वेळी वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. तो म्हणाला, मी नाव पण ठरवलेलं. आम्ही दोघं किती वेळ बसलो माहीत नाही. त्याने गोळीबद्दल विचारलं नाही. नाव काय ते मी पण विचारलं नाही अजून. डॉक्टर म्हणतात हा आजार असूनही मूल होऊ शकतं, डोसवर नीट लक्ष ठेवून, पण ते पुढचं पुढे.

वास्कोच्या भावोजी, मोसंबी आणली. नवऱ्याने पहिल्याच फटक्यात टोचली आणि इतका फुगला की विचारू नका. मग सासूबाई आल्या, बराच वेळ दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि म्हणाल्या, मलाही दाखव, तू रात्री नसतोस ना. त्यांनी चष्मा लावून, पदर खोचून, देवाचं नाव घेऊन टोचली. सुई वाकडी गेली, रस त्यांच्या साडीवर. पण आता नाईट शिफ्टच्या रात्री त्या माझ्या खोलीत गादी घालून झोपतात. घोरतात. मला झोप लागते.

शाळेत अजून सांगितलेलं नाही. बाजूच्या वर्गावरच्या बाई सुट्टीवर आहेत, त्या आल्या की बघू.

आणि तोरांची बरणी, जी निदानानंतर "तिला त्रास नको" म्हणून माळ्यावर गेली होती, ती खाली आलीय.

डिचोलीचा_काका

वहीत तोर किती खाल्लेस ते पण लिही बाय, डॉक्टर विचारतील. आणि खारं पाणी पितेस ते सासूबाईंना बघू दे आता, अंधारात कशाला.